भाळी लिहिलेले नसते

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला की वस्तीत आईला बोल लावतात, नाहीतर सटवाईचे नाव घेतात. आम्हाला हे मान्य नाही. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. श्वास अडकला, रक्तदाब खाली-वर झाला की त्या फुटतात, बहुधा पहिल्या तीन दिवसांतच. आनुवंशिक दोष क्वचित असतो. प्रसूतीआधी आईला दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन धोका कमी करते. जन्मानंतरचा लांबचा प्रवास तो वाढवतो. म्हणून अवेळी कळा येताच १०२ किंवा १०८ ला फोन करा. बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या रुग्णालयात न्या.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला; हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे ते म्हणाले. कर्जत-खालापुरातच नवजात अतिदक्षतेची सोय चोवीस तास मिळावी, हे आपण ग्रामसभेत मागू या.