चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हेत

'रेड' हा शब्द कानावर पडला की व्यापाऱ्याला आयकराचा छापा आठवतो. संगणकातील रेड मात्र वेगळी. अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठवणीच्या पद्धतीला हे नाव आहे. वरणगावसारख्या गावातही लाल वही मागे पडली असून बिले, उधारीची खाती, स्टुडिओतील लग्नांचे फोटो, छापखान्यातील मजकूर हे सारे संगणकात गेले आहे. धंदा वाढला की दुकानदाराला तीन-चार डिस्कची पेटी विकली जाते आणि 'आता डेटा कधीच जाणार नाही' असे सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे.

रेड हे नाव रूढ झाले ते १९८८ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांच्या निबंधामुळे. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, हा त्यांचा विचार. त्यातील 'रेड पाच' या प्रकाराचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन कळेल. पहिल्या डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहिली आहे असे समजा. दुसरी डिस्क गेली, तर १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळतात. प्रत्यक्षातील गणित थोडे निराळे असले तरी तत्त्व हेच. पण दोन डिस्क गेल्या, तर उरलेल्या एका आकड्यावरून काहीच काढता येत नाही. 'रेड एक'मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. तेथे एखादे खाते चुकून पुसले किंवा व्हायरस शिरला, तर नुकसान दोन्हीकडे एकदमच होते.

दोन डिस्क एकापाठोपाठ जातात, हा निव्वळ दुर्दैवाचा भाग नसतो. त्या बहुधा एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या आणि एकाच उष्णतेत चाललेल्या असतात. आमच्या भुसावळ-वरणगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पेटी ठेवलेली असते गल्ल्याखालच्या बंद कप्प्यात. एक डिस्क गेली तरी काम चालूच राहते, त्यामुळे लाल दिव्याकडे कोणी पाहत नाही. पुढे नवी डिस्क घातली की उरलेल्या जुन्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. हे काम तासन्‌तास चालते आणि त्या ताणात दुसरी डिस्क बसते.

असा प्रसंग आलाच, तर पहिल्या तासात केलेली घाई सर्वांत महाग पडते. पेटी ताबडतोब बंद करावी. कोणती डिस्क कोणत्या खणात होती, त्याचे नंबर मार्करने लिहावेत. पडद्यावर 'इनिशियलाइज' किंवा 'रिबिल्ड' असे बटण आले तरी दाबू नये. डिस्क उघडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तिच्या आतील हेड तबकडीपासून धुळीच्या कणापेक्षाही कमी अंतरावरून फिरत असते. जाणकार कारागीर आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढतो आणि त्या प्रतींवरच काम करतो. डिस्कचा क्रम व मजकुराच्या तुकड्यांचा आकार शोधून तो संगणकावर पेटी पुन्हा जुळवतो. डिस्क शाबूत असून केवळ जोडणीचे कार्ड बिघडले असेल, तर बहुधा सर्व परत मिळते. मात्र ज्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला, तेथील जुना परत येत नाही. म्हणून मूळ डिस्कवरच खटपट करणाऱ्याच्या हाती काम देऊ नये. कोणत्या फाइली मिळाल्या त्याची यादी पाहूनच पूर्ण पैसे द्यावेत.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. आणि उधारीचे खाते गेले, तर येणे कोणाकडे व किती हे कोणत्या तोंडाने सांगणार?

पुन्हा, आग आणि पाणी डिस्क मोजत बसत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील असंख्य दुकाने पाण्याखाली गेली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागून सरकारी कागदपत्रे जळाली. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी संगणक केंद्राला आग लागली. तेथील एका साठवणीत ८५८ टेराबाइट मजकूर होता, पण बाहेर प्रत नव्हती. जे एवढ्या मोठ्या सरकारला चुकले, ते आपल्या दुकानात चुकणार नाही असे धरून चालता येईल काय?

रेड पेटी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. डिस्क बिघडली तरी दुकान चालू राहावे, एवढ्यासाठी ती जरूर घ्यावी. पण तिच्यासोबत बाहेर लावायची एक वेगळी डिस्कही घ्यावी. आठवडी बाजाराच्या रात्री तिच्यावर सर्व उतरवून ती संगणकापासून काढावी आणि पासवर्ड घालून घरी किंवा भुसावळच्या नातेवाइकाकडे ठेवावी. महिन्यातून एकदा तिच्यातील एखादे जुने बिल उघडून पाहावे. या डिस्कचा खर्च बिघडलेली पेटी दुरुस्त करून घेण्याच्या खर्चापुढे फारच किरकोळ आहे. तेव्हा व्यापारी बंधूंनी पुढच्या बिघाडाची वाट न पाहता हे काम याच आठवड्यात उरकावे.