उभ्या माणसाने वाचावे केव्हा?

महाराष्ट्रात २०१५ पासून दर १५ ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. त्या दिवशी व्यासपीठावरील सारे मान्यवर एका सुरात एकच खंत व्यक्त करतात : तरुण वाचत नाहीत, पुस्तके कोणी विकत घेत नाही, भ्रमणध्वनीने पिढी बिघडवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून या खंतेला अभिमानाची झालरही लागली आहे. परंतु २०२५ चा वाचन प्रेरणा दिन उजाडण्याआधी, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामावर येण्यापासून सुटण्यापर्यंतचा एकूण काळ साडेदहा तासांवरून बारा तासांपर्यंत ताणण्याची मुभाही त्यातच होती. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे वाचनावरच्या भाषणांतून ऐकू येत नाही.

तो संबंध साध्या बेरजेचा आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला कापडाच्या दुकानात उभा असणारा विक्रेता घ्यावा. कामाचे बारा तास, उपनगरातून येण्याजाण्याचे दोन-अडीच, झोपेचे सात. उरले अडीच-तीन तास. त्यांत अंघोळ, दोन जेवणे, पाणी भरणे, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईचे औषध. विक्रेती स्त्री असेल तर स्वयंपाक आणि धुणेभांडी, म्हणजे तिचे खाते उणेच. या शिलकेतून कादंबरीला किती मिनिटे द्यायची, हे वाचन प्रेरणेच्या वक्त्यांनी सांगावे.

बरे, ते बारा तास कशाने भरलेले असतात? “ताई, हा पदर बघा”, असे म्हणत चाळीस साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक “पुन्हा येते” म्हणून उठले की चाळीस घड्या घालायच्या. सणासुदीला श्वास घ्यायला फुरसत नसते. पण ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी दोन ते पाच दुकानात चिटपाखरू नसते, आणि खरी मेख तेथेच आहे. त्या तीन तासांत विक्रेत्याने वर्तमानपत्र उघडले तर मालकाची भुवई चढते. नोकर वाचत बसला तर दुकानावर वाईट छाप पडते म्हणे! बसायचे नाही, वाचायचे नाही, भिंतीला टेकायचेही नाही. गिऱ्हाईक नसतानाही गिऱ्हाईक असल्यासारखे उभे राहायचे. मालक श्रम विकत घेत नाही, श्रमशक्ती विकत घेतो, असे मार्क्सने सांगितले. विद्यार्थ्यांना हा भेद समजावताना प्राध्यापकांना घाम फुटतो. त्यांनी वर्ग उठवून अशा एखाद्या दुकानात न्यावा. काम शून्य, पण तास विकलेले. विकलेला तास रिकामा असला तरी विकणाऱ्याचा राहत नाही.

सरकारचा बचाव ठरलेला आहे. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे, कामगाराची संमती लागते. यांतले शेवटचे वाक्य तर विनोदीच म्हणावे. ज्याच्या जागेसाठी दारात दहाजण उभे आहेत, त्याची संमती म्हणजे काय, हे मागणी-पुरवठ्याचा पहिला धडा वाचलेल्यासही कळते. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादाही त्याच निर्णयात १२५ तासांवरून १४४ वर गेली आहे. पूर्वी दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानाला नोंदणी माफ होती. आता वीसपेक्षा कमी असले तरी नुसते कळवले की भागते. गल्लीबोळांतली बहुसंख्य दुकाने याच आकड्याखाली येतात. तेथे दहा काय आणि बारा काय, तास मोजणारेच कोणी नाही. दुकानातील नोकरांच्या तासांना लगाम घालणारा कायदा १९३९ मध्ये मुंबई प्रांतात झाला, तेव्हा तो देशात पहिला होता. पुढे १९४८ च्या कायद्याने दुकान बंद करण्याची वेळही बांधून दिली. २०१७ च्या कायद्याने ते बंधन काढून टाकले.

काही सज्जन म्हणतात, वेळ मिळाला तरी ही माणसे काय वाचणार? रहस्यकथाच ना! वाचोत की. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या समीक्षकांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. आपल्याकडे गरिबाला दोनच प्रकारच्या वाचनाची परवानगी आहे : स्पर्धापरीक्षेचे आणि पोथीचे. केवळ मजेखातर वाचणे ही चैन ठरते, आणि ती चैन सुखवस्तूंनी स्वतःकडे राखून ठेवली आहे. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स ऐन पोरवयात साउथसी येथील कापडाच्या दुकानात उमेदवार होता. दिवसाचे तेरा तास काम, झोपायला इतर पोरांबरोबर सामायिक खोली. तो त्या काउंटरमागून सुटला, आणि १९०५ साली ‘किप्स’मध्ये त्याने दुकानी उमेदवाराचे ते जिणे मांडले. न सुटलेल्यांची गणना कोणी केली नाही.

तास कमी होणे ही दूरची गोष्ट मानली, तरी बसण्याचे काय? कोझिकोडमध्ये पी. विजी यांनी दुकानांतील स्त्रियांना संघटित केले, त्रिशूरच्या विक्रेत्यांनी संप केला, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानातील नोकराला बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला याची लाज मालकवर्गाला वाटायला हवी होती. पण निदान स्टूल मिळाले. रिकाम्या दुपारी त्या स्टुलावर बसून पुस्तक उघडण्याचा हक्क हे पुढचे पाऊल आहे, आणि महाराष्ट्रात ही मागणी करण्यास साहित्य संस्थांइतके योग्य कोणी नाही.

ग्रंथालयांचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्येच केला. पण दुकानाचे शटर खाली येते तेव्हा गावातल्या वाचनालयाला केव्हाच कुलूप लागलेले असते. ते रात्री दहापर्यंत उघडे ठेवायचे, तर तेथे बसणाऱ्या सेवकाला त्या तासांचे दाम द्यावे लागतील. तुटपुंज्या अनुदानातून पगार घेणारे हे सेवक वर्षानुवर्षे वेतनश्रेणी मागत आले आहेत, आणि वाचन प्रेरणा दिनाच्या खुर्च्याही तेच मांडतात.