पुढाऱ्यांची अदलाबदल आणि खानदेशचा मतदार

एखाद्या पेढीतून भागीदार बाहेर पडला, म्हणजे ती गोष्ट लोकांस जाहीरपणे कळवावी लागते. १९३२ सालच्या भागीदारीच्या कायद्यात, नोंदलेल्या पेढीने ही खबर सरकारी राजपत्रात व त्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात छापिली पाहिजे, असे स्वच्छ म्हटले आहे. जळगावच्या दाणाबाजारातील किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील कोणताही दुकानदार ह्याचे कारण सांगू शकेल. ज्या नावावर विश्वासून लोकांनी व्यवहार केला, ते नाव पाटीवरून उतरले तर लोकांस त्याची वर्दी मिळालीच पाहिजे. न मिळेल तर नुकसान कोणी सोसावे हे कायदा ठरवितो. राजकीय पक्ष नावाच्या पेढीस मात्र असले बंधन नाही. तेथे भागीदार बदलतात, पाटी बदलते, क्वचित् सारी पेढीच दुसऱ्या नावावर चढते, आणि ज्याची ठेव त्या पेढीत आहे तो मतदार दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडून ही हकीकत वाचतो.

निवडणूक जवळ आली असता पक्षाने पुढारी बदलला तर मतदारावर काय परिणाम होतो, हा प्रश्न पुणे-मुंबईत नेहमी चर्चिला जातो. आमच्या मते त्याचा अभ्यास करावयास गेल्या दहा वर्षांतील खानदेशाइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. येथे हा प्रयोग इतक्या वेळा व इतक्या तऱ्हांनी झाला आहे की, त्यावरून काही अनुमाने काढणे धाडसाचे होणार नाही.

प्रथम धुळे घेऊ. डिसेंबर २०१८ मध्ये धुळे महानगरपालिकेची निवडणूक झाली. शहराचे आमदार श्री. अनिल गोटे हे २०१४ साली भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले होते. परंतु निवडणुकीची सूत्रे पक्षाने त्यांच्या हाती न देता मंत्री श्री. गिरीश महाजन व खासदार डॉ. सुभाष भामरे ह्यांच्याकडे सोपविली. गोटे ह्यांनी बंडाचे निशाण उभारून लोकसंग्रामच्या नावाने निराळे उमेदवार उभे केले. निकाल लागला तेव्हा ७४ पैकी ५० जागा भाजपकडे गेल्या आणि गोटे ह्यांच्या पक्षास एकच जागा मिळाली. शहराने वर्षानुवर्षे ओळखलेला माणूस एका बाजूस व सत्तारूढ पक्षाचे चिन्ह दुसऱ्या बाजूस, असा सामना झाला आणि मतदाराने चिन्ह पसंत केले.

ह्यावरून कोणी म्हणेल की, मतदारास माणसाचे काही नाही, तो पक्ष पाहतो. परंतु त्याच जिल्ह्यातील शिरपूरकडे पाहिले म्हणजे हे अनुमान डळमळते. श्री. काशिराम पावरा हे तेथून २०१४ साली काँग्रेसचे म्हणून निवडून आले आणि २०१९ साली भाजपचे म्हणून. मध्यंतरी श्री. अमरीशभाई पटेल ह्यांनी पक्ष बदलला होता, आणि शिरपूर तालुक्यातील शिक्षणसंस्थांचा व सहकारी संस्थांचा संसार ज्यांच्या भोवती उभा आहे ते ज्या दिशेस गेले त्या दिशेस मते गेली. येथे चिन्ह हरले, घर जिंकले.

परंतु खरा बोध मुक्ताईनगरात आहे, आणि त्याकरिता तेथे थोडे अधिक थांबले पाहिजे. श्री. एकनाथराव खडसे हे १९९० पासून ह्या भागाचे, म्हणजे पूर्वीच्या एदलाबाद मतदारसंघाचे, सतत सहा वेळा आमदार झाले. २००९ ते २०१४ ह्या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सत्ता आल्यावर मुख्यमंत्रिपद श्री. देवेंद्र फडणवीस ह्यांच्याकडे गेले व खडसे महसूलमंत्री झाले. जून २०१६ मध्ये, भोसरीच्या जमिनीच्या प्रकरणी आरोप झाल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. जिल्ह्यातील पक्षाचे पुढारपण जामनेरकर महाजनांकडे सरकले. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत खडसे ह्यांस उमेदवारी नाकारण्यात आली व त्यांच्या कन्या श्रीमती रोहिणी खडसे ह्यांस ती देण्यात आली. त्या १,९५७ मतांनी पडल्या. निवडून आले शिवसेनेचे बंडखोर व राष्ट्रवादी काँग्रेसने पाठिंबा दिलेले स्वतंत्र उमेदवार श्री. चंद्रकांत पाटील.

दोन हजारांहून कमी मतांच्या निकालाचे एकच कारण सांगू पाहणे हे अडाणीपणाचे होय. तथापि पक्षाने मतदारापुढे कोणती मागणी ठेविली होती ती पाहा : ह्या घराण्याचे नाव आम्हांस हवे, परंतु त्या नावाचा माणूस नको. जो खडसे ह्यांचा अभिमानी होता तो ह्या मागणीने दुखावला, आणि जो त्यांचा विरोधी होता त्यास तरी त्यांच्या कन्येस मत देण्याचे कारण कोणते उरले? पुढारी बदलावयाचा तर उघडपणे बदलावा आणि नव्या माणसाच्या गुणांवर मत मागावे. जुन्या पुढाऱ्यास घरी बसवून त्याच्याच उंबरठ्यावरून मते गोळा करण्याची युक्ती दोन्ही बाजूंनी तुटते.

आता ह्यापुढची कथा ऐका. ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. म्हणजे ज्या पक्षाच्या पाठिंब्याने त्यांची कन्या पडली त्याच पक्षात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा स्वतंत्र निवडून आलेले पाटील श्री. एकनाथ शिंदे ह्यांच्याबरोबर गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात तेच पाटील धनुष्यबाणावर उभे राहिले, भाजप त्यांचा मित्रपक्ष होता, आणि समोर पुन्हा रोहिणी खडसे, ह्या वेळी तुतारी वाजविणाऱ्या माणसाच्या चिन्हावर. मुक्ताईनगरातील अशा एका मतदाराची कल्पना करा, की ज्याने आयुष्यभर कमळाशिवाय दुसरे बटण दाबिले नाही. २०१४ साली कमळ म्हणजे खडसे. २०१९ साली कमळ म्हणजे त्यांची कन्या. मे २०२४ च्या लोकसभेस कमळ म्हणजे त्यांच्या स्नुषा श्रीमती रक्षा खडसे, ज्या निवडून येऊन केंद्रात राज्यमंत्री झाल्या. आणि सहाच महिन्यांनी विधानसभेच्या यंत्रावर कमळच नाही. कमळाच्या पुढाऱ्यांचे सांगणे असे की, ज्या उमेदवाराविरुद्ध तू दोनदा मत दिलेस त्यासच आता मत दे. ह्या मतदारास कोणी चंचल म्हणेल काय? तो जागच्या जागी उभा आहे. हलली आहेत ती त्याच्या समोरची माणसे.

जळगाव लोकसभा मतदारसंघातही नावांची अशीच फिरवाफिरव झाली. २०१९ साली श्रीमती स्मिता वाघ ह्यांचे नाव जाहीर करून पक्षाने ते मागे घेतले व श्री. उन्मेष पाटील ह्यांस उभे केले. २०२४ साली पाटलांस वगळून वाघ ह्यांस. दोन्ही वेळा पक्षाचा उमेदवार लाखांच्या मताधिक्याने आला. रागावलेले पाटील श्री. उद्धव ठाकरे ह्यांच्या शिवसेनेत गेले, त्यांचे सहकारी श्री. करण पवार उमेदवार झाले, आणि मतदार त्यांच्यामागून गेला नाही. एका कार्यकर्त्या स्त्रीचे नाव जाहीर करून मागे का घेतले आणि पाच वर्षांनी पुन्हा का आणिले, ह्याचा जाहीर खुलासा मागण्याची मात्र कोणास गरज वाटली नाही. यश मिळाले की हिशेब कोण मागतो?

ह्या सर्व उदाहरणांतून आम्हांस दिसते ते असे. खानदेशचा मतदार पुढाऱ्याच्या बदलास धोरणाचा बदल समजत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही, कारण धोरण क्वचितच बदललेले असते. कापसाचा भाव, केळीचा विमा, गिरणा-तापीचे पाणी, दवाखान्यातील खाट आणि तहसील कचेरीतील कागद ही कामे कोणाच्या दारी होतील, एवढाच अर्थ तो त्या बदलातून काढतो. शिरपुरात ते दार एका घराचे होते म्हणून मत घराबरोबर गेले. धुळे शहरात ते मंत्र्याचे झाले होते म्हणून मत मंत्र्याकडे गेले. अर्थात् ह्या नियमासही अपवाद आहे. २०२४ च्या लोकसभेत धुळ्यात भाजपने उमेदवार बदलला नाही, दोनदा निवडून आलेले डॉ. भामरेच उभे होते, आणि ते ३,८३१ मतांनी काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव ह्यांच्याकडून पडले. तेथे मालेगाव मध्यच्या मतांनी पारडे फिरविले.

मतदाराच्या ह्या व्यवहारी वृत्तीचा लाभ पुढारी कसा घेतात, ते जळगाव महानगरपालिकेत दिसले. ऑगस्ट २०१८ मध्ये नगरवासीयांनी ७५ पैकी ५७ जागा भाजपला दिल्या. मार्च २०२१ मध्ये त्यांपैकी २७ नगरसेवक शिवसेनेच्या बाजूस गेले आणि शिवसेनेच्या श्रीमती जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. त्यांची कारकीर्द चांगली की वाईट, हा येथे प्रश्न नाही. ५७ चे ३० झाले, त्या दिवशी शहरात एकाही नागरिकाने मतदान केले नव्हते, एवढेच आम्ही नमूद करतो.

जून २०२२ च्या फुटीत जळगाव जिल्ह्यातील शिवसेनेचे चारही आमदार शिंदे ह्यांच्याबरोबर गेले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा आहे आणि एक-तृतीयांश फुटीची सवलत २००३ साली रद्द झाली आहे; तरी सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी जो प्रश्न विधानसभेच्या अध्यक्षांकडे सोपविला, त्याचा निकाल १० जानेवारी २०२४ रोजी लागला आणि एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व चिन्ह शिंदे ह्यांस देताना, त्यांच्याकडील आमदारांस २०१९ साली किती मते पडली होती ह्याची बेरीज मांडिली होती. ही बेरीज आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. ज्याने २०१९ साली मत दिले त्याच्या स्वप्नातही ही फूट नव्हती. त्याचे ते जुने मत काढून, त्यास न विचारता, भांडणातील एका पक्षकाराच्या खाती जमा करण्यात आले. ठेवीदाराची ठेव अशी वळती करणाऱ्या पेढीस बाजारात कोणता शब्द वापरतात, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

ह्यावर उत्तर असे मिळते की, नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावच्या अकराही व धुळ्याच्या पाचही जागा महायुतीस देऊन मतदाराने सर्व काही मान्य केले. हे उत्तर हलके नाही. निकाल स्पष्ट होता आणि तो मान्य केलाच पाहिजे. परंतु त्या निवडणुकीत लाडक्या बहिणीचे दरमहा १५०० रुपये होते, शेतमालाचे भाव होते, धर्म होता, जात होती. इतक्या प्रश्नांस मिळून एकच बटण दाबावयाचे असता, फुटीविषयी निराळे मत त्याने कोणत्या बटणाने द्यावे?

पूर्वी सर्व काही निर्मळ होते, असे आमचे म्हणणे नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. प्रांतिक निवडणुका दोन महिन्यांवर आल्या होत्या. त्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी सरदार पटेलांचे नाव पुढे आले असता त्यांनी ते मागे घेऊन पंडित नेहरूंस वाट दिली, आणि नेहरूंच्या सर्वच मतांशी आपण सहमत नाही हे जाहीर पत्रकात लिहून दिले. मतभेद काय आहे हे निदान वाचणाऱ्यास कळले. उलट, निवडणुका होताच मुंबईत नरीमन ह्यांस डावलून बाळासाहेब खेर ह्यांस नेता निवडले गेले, तेव्हा हाच कलह माजला, आणि मतदानाचा अधिकार तर त्या वेळी थोड्यांसच होता.

आमची सूचना फार मोठी नाही. पक्ष सोडणाऱ्याने पद सोडून पुन्हा मत मागावे, हा कायदा व्हावा तेव्हा होवो; तो होण्यास ज्यांची मते लागतात त्यांचाच त्यात तोटा आहे. परंतु प्रत्येक उमेदवार अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र देतो, त्यात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण व फौजदारी खटले ह्यांचे रकाने आहेत. त्यात आणखी एक रकाना घालावा : मागील दहा वर्षांत कोणकोणत्या चिन्हांवर आपण उभे राहिलात, कोणत्या तारखेस कोणता पक्ष सोडलात, आणि त्या वेळी लोकांनी दिलेले पद आपल्याकडे होते की नाही. हा रकाना प्रत्येक मतदानकेंद्राबाहेर मोठ्या अक्षरांत लावावा. मुक्ताईनगरासारख्या ठिकाणी कागद थोडा लांब लागेल.