यंत्र शून्य दाखवते, गाडी मात्र थरथरते

नवी मॅगव्हील बसवून गाडी दुकानाबाहेर पडते आणि दोन दिवसांत परत येते. ‘ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं,’ एवढेच गिऱ्हाईक सांगते. आपल्यातले बरेच जण ती गाडी सरळ अलाइनमेंटच्या रॅकवर चढवतात, टो थोडा इकडेतिकडे करतात, हिरवे आकडे छापून हातात देतात. थरथर तशीच राहते, कारण तिचा टोशी संबंध नव्हताच. मग त्याच गाडीचे पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा अलाइनमेंट, आणि शेवटी ‘रस्ताच खराब आहे साहेब’. या सवयीबद्दल आज स्पष्ट लिहायचे आहे.

कॅम्बर, कॅस्टर, टो हे कोन हबचे आणि सस्पेन्शनचे आहेत. चारही चाके एकाच मापाची बदलली म्हणून ते बदलत नाहीत. नवे रुंद आणि कमी उंचीच्या कडेचे टायर झिजलेल्या बुशचा किंवा बॉल जॉइंटचा जुना दोष उघडा पाडतात, हे खरे. रिमचा ऑफसेट ४५ वरून ३५ वर आला तर चाक १० मि.मी. बाहेर सरकते आणि स्टेअरिंग रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे जाऊ लागते, हेही खरे. पण चाक बदलल्यावर लगेच सुरू झालेल्या थरथरीचा शोध चाक हबवर कसे बसले आहे इथूनच सुरू व्हायला हवा.

मारुतीच्या आणि ह्युंदाईच्या चार स्टडच्या अनेक गाड्यांचा हब ५४.१ मि.मी.चा असतो. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलचे मधले भोक सर्व गाड्यांना चालावे म्हणून मोठे, पुष्कळदा ७३.१ मि.मी.चे ठेवतात. मूळचे चाक हबच्या खांद्यावर टेकून आपोआप मध्यावर येते. नव्या चाकाला तो आधारच नाही. ते मध्यावर आणण्याचे सगळे काम नटांच्या शंकूवर पडते. गाडी जमिनीवर टेकलेली, वजन चाकावर आणि हातात इम्पॅक्ट गन असली की चाक जिथे असेल तिथेच आवळले जाते.

त्याचा परिणाम किती होतो, हे मोजून पाहू. टायरसह १६ किलोचे १५ इंची चाक मध्यापासून फक्त अर्धा मि.मी. सरकले, तर रिमच्या कडेवर सुमारे ४० ग्रॅमचे वजन एका बाजूला चिकटवल्यासारखे होते. ताशी १०० किलोमीटरला हे चाक सेकंदाला चौदाएक फेऱ्या घेते आणि प्रत्येक फेरीला सहा-साडेसहा किलोचा हिसका देते. शिवाय टायर तेवढाच उंचसखल फिरतो, तो भाग वेगळाच. बॅलन्सरवर मात्र हेच चाक कोनवर, म्हणजे मधल्या भोकावर, अचूक बसते आणि यंत्र ‘००’ दाखवते. यंत्र खोटे बोलत नाही. त्याने चाक ज्या मध्याभोवती फिरवले, त्या मध्याभोवती ते गाडीवर फिरतच नाही.

म्हणून नेमक्या मापाची हब रिंग ही चैन नाही. ५४.१ ते ७३.१ ची रिंग किरकोळ किमतीत मिळते, ती चाकासोबतच द्यायला हवी. रिंग बसवण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासा. कोकणात आणि किनारपट्टीवर तिथे गंजाचे पापुद्रे धरतात. पापुद्र्यावर बसलेले चाक तिरके फिरते. चाकाच्या मागच्या बाजूला चिकटलेला बारकोडचा कागद, सांडलेल्या रंगाचा थेंब, डिस्कवर राहिलेली बारीक चकती, एवढ्यानेही तेच होते.

नटांकडे आपण फारच कमी पाहतो. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलची ६० अंशांच्या शंकूची. गोल नट शंकूत बसवला की तो एका बारीक रेषेवर टेकतो, टॉर्क दाखवतो आणि काही दिवसांत सैल होतो. टोयोटाच्या काही मॅगव्हीलना सपाट वॉशरचा नट लागतो, तो शंकूच्या भोकात चालत नाही. मारुतीच्या छोट्या गाड्यांचे आटे १२ × १.२५, ह्युंदाईचे १२ × १.५, डब्यातले नट मिसळले की स्टडची वाट लागते. आणि फियाट पुंटोला ४ × १०० चे चाक ‘बसतं की’ म्हणून लावण्याचा प्रकार तर बंदच व्हायला हवा. तिचा पीसीडी ९८ आहे. बोल्ट तिरके जातात, त्यांच्यावर सतत ताण राहतो. हा सुरक्षेचा प्रश्न आहे, थरथर त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट.

निदानासाठी महागडे यंत्र लागत नाही, डायल गेज लागतो. गाडी उचलून चाक गाडीवरच फिरवा आणि रिमचा रनआउट मोजा. मग तेच चाक बॅलन्सरवर मोजा. गाडीवर डुलते पण यंत्रावर सरळ आहे, तर दोष बैठकीचा. दोन्हीकडे डुलते, तर रिम वाकडी. नवी आहे म्हणून ती सरळच असेल असे धरू नका. रिम सरळ आणि टायर उंचसखल, तर रिमजवळची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का पाहा, बीड नीट बसला नसेल. शंका राहिली तर चाक दोन स्टड पुढे फिरवून बसवा. उंच जागा चाकाबरोबर फिरली तर चाक, हबपाशीच राहिली तर हब. या सगळ्याला फार वेळ लागत नाही.

बॅलन्सिंगबद्दल एकच सांगतो. चिकटवायची वजने सगळी एकाच पट्ट्यात, स्पोकच्या मागे, दिसायला बरी म्हणून लावली तर स्टॅटिक दोष जातो, डावी-उजवी डुलण राहते. रुंद रिमला दोन पातळ्यांवर वजन लागतेच.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो वेगळा आजार आहे आणि तिथेही रॅक पहिला नाही. आधी हवा सारखी करा. आपले रस्ते पाण्यासाठी डावीकडे उतरते असतात, त्यामुळे हात सोडला की गाडी थोडी डावीकडे जाणारच. सपाट पट्ट्यावर ट्रायल घ्या. मग टायर एका दिशेचे नसतील तर पुढची दोन चाके आपसांत बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायर दोषी. तशीच राहिली तर चिकटणारा कॅलिपर पाहा आणि त्यानंतर कॅम्बर-कॅस्टर. नुसत्या पुढच्या टोने ओढ बसत नाही. तो टायर खातो. स्टेअरिंग तिरके असेल आणि गाडी सरळ जात असेल तर मागच्या चाकांचा टोही तपासा.

रॅकवर घ्यायची वेळ आलीच तर रनआउट कम्पेन्सेशन टाळू नका. क्लॅम्प रिमला धरतो; रिम वाकडी असेल तर कम्पेन्सेशनशिवाय घेतलेला प्रत्येक कोन चुकीचा असतो, मग कागदावर सगळे हिरवे का असेना.

छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. चाक अधांतरी असताना नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवा, शेवट टॉर्क पान्याने करा, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावून तपासा.

तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि ते मागताना संकोच करू नका. तीन वेळा फुकट अलाइनमेंट करून देण्यापेक्षा गिऱ्हाइकालाही ते परवडते. जॉब कार्डावर हबचे माप, रिंग, रनआउट आणि टॉर्क हे चार रकाने याच महिन्यात छापून घ्या, ही सर्व वर्कशॉपमालकांना विनंती.