गाडी राजवाड्याला नको, स्टेशनवर ठेवू या

पालकहो, 31 मे 2025 रोजी इंदूरची मेट्रो सुपर कॉरिडॉरवर सुरू झाली, तेव्हा 5 स्टेशने आणि सुमारे 6 किलोमीटर एवढाच तिचा पल्ला होता. पहिला आठवडा प्रवास फुकट, म्हणून मुलांनी हौस भागवून घेतली. पण रोज जायचे तर घरून स्टेशन गाठायचे कसे? राजवाड्याजवळ पार्किंग वाढवले की तिथे गाड्याच वाढतात, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा हवी ती बाहेरच्या स्टेशनांपाशी. सायकलला फुकट, स्कूटरला स्वस्त, आणि तिथूनच सिटी बस. स्टँडचे भाडे तिकिटापेक्षा जड झाले तर (आपण इंदूरकर हिशेबाला पक्के!) स्कूटर थेट सराफ्यापर्यंत जाईल. विश्वस्त मंडळाने महापालिकेला तसे पत्र द्यावे. मसुदा मी तयार ठेवला आहे.