‘अर्जेंटिना लढला’ म्हणजे नक्की कोण लढलं?

इतिहास शिकवताना आपण सहज म्हणतो, “अमुक देशाने तमुक देशाशी युद्ध केले.” वाक्य छोटं आहे, पाठ करायला सोपं आहे. पण त्यामुळे मुलांना वाटतं, की देश म्हणजे एकच माणूस, एकच मत. माझ्या मते ही समजूत शाळेतच मोडायला हवी.

दक्षिण अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. १ मे १८६५ रोजी अर्जेंटिना, ब्राझील आणि उरुग्वे यांनी पॅराग्वेविरुद्ध करार केला. पॅराग्वेच्या सैन्याने अर्जेंटिनाच्या कोरिएन्तेस प्रांतात घुसखोरी केली होती. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष मित्रे यांची बाजूही काही पोकळ नव्हती.

तरीही सगळे प्रांत त्यांच्यामागे उभे राहिले नाहीत. ब्युनॉस आयर्स बंदराच्या जकातीवर कुणाचा हक्क, हा वाद जुना होता. १८६१ च्या पावोनच्या लढाईनंतर सत्ता ब्युनॉस आयर्सकडे गेली, तो सल होताच. त्यात ब्राझील हा अनेकांच्या लेखी जुना शत्रू! जुलै १८६५ मध्ये एन्त्रे रिओस प्रांताचे नेते उर्किसा यांनी युद्धासाठी जमवलेले हजारो घोडेस्वार बासुआल्दो इथून सरळ घरी निघून गेले.

सप्टेंबर १८६६ मध्ये कुरुपायती इथे मित्रसैन्याचा मोठा पराभव झाला. नोव्हेंबरमध्ये मेंदोसा प्रांतात बंड पेटलं. फेलिपे वारेला यांनी जाहीरनामा काढून १८५३ ची राज्यघटना पाळा आणि पॅराग्वेशी शांतता करा, अशी मागणी केली. बंड मोडण्यासाठी आघाडीवरचं सैन्य माघारी आणावं लागलं, खुद्द मित्रेही परतले. १० एप्रिल १८६७ ला पोसो दे वार्गास इथे वारेला हरले.

मग हे लोक देशद्रोही होते का? उत्तर आपण देऊ नये, मुलांना शोधू द्यावं. फळ्यावर तीनच प्रश्न लिहा: युद्धाचा निर्णय कुणी घेतला? लढायला कुणाला पाठवलं? नको कोण म्हणालं, आणि का?

पालकांनीही घरी बातम्या बघताना हेच प्रश्न विचारावेत. सनावळ्या मुलं विसरतील, विसरू देत. पण “सगळा देश म्हणतोय” असं कुणी म्हटलं, की “सगळा म्हणजे कोण?” असं विचारायची सवय लागली, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला म्हणायचं.