पेटीही परकीच होती

परवा विंचूरला कांद्याचा लिलाव आटोपल्यावर चहाच्या टपरीवर एका जाणत्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला. एका पोराच्या मोबाइलवर मराठी रॅप वाजत होतं. विषय वस्तीतलं तुंबलेलं गटार, आणि आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक. गृहस्थ म्हणाले, हे अमेरिकेतल्या काळ्यांचं रडगाणं, आपल्या पोरांनी उसनं आणलंय. गाण्यात जात आणू नये. आणि मुळात हे गाणंच नव्हे, बडबड आहे.

बडबडीचं आधी उरकतो. पोवाड्यात शाहीर एका दमात बोलत सुटतो तेव्हा हेच गृहस्थ मान डोलावतात.

आता उसनं. यांच्या आळीतलं भजन ज्या पेटीवर चालतं, तिचं पेटंट 1842 साली पॅरिसात निघालं. 1940 मध्ये तिला परकी ठरवून रेडिओवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, केवढा तो काथ्याकूट! भजनी मंडळींनी तिकडे लक्षच दिलं नाही, भाता हलवत राहिली. आज पेटी आपली. मग रॅपच का घशात अडकतं? पेटी कुणाला घर का नाकारलं म्हणून विचारत नाही, एवढंच.

बरं, उसनवारीचा आळ पोरांवर कशाला? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव 1972 मध्येच मुंबईत घेतलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी तिकडे गायक मार्विन गे शहरातल्या गरीब वस्त्यांची घुसमट गात होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली हिपहॉपची पहिली पार्टी 1973 ची धरतात. त्याच्या कितीतरी आधी भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे तमाशाचा बाज घेऊन अस्पृश्यतेवर बोलत होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा गावोगाव गात फिरले, ते काय न्यूयॉर्कहून शिकून? इथून येवल्याला जा, तिथल्या चौकाला विंचूर चौफुली म्हणतात. त्याच येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती ऐकलेल्यांच्या नातवंडांना चाल उसनी लागली असेल. सांगायचं होतं ते घरचंच.

जात गाण्यात आणू नये म्हणे! मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत 11 जुलै 1997 ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्याच उद्वेगातून काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तिथे जात कुणी आणली होती, गाण्याने?

तर आता रॅपची बाजू. सगळं रॅप थोर नाही. निम्म्यात चष्मे, गाड्या आणि स्वतःचीच आरती. पण उरलेल्यात वस्तीचं नाव असतं, नळाला पाणी किती वाजता येतं तेही असतं. वर्तमानपत्रात ते सापडत नाही. मला एवढं पुरतं.

टपरीवर पोराने गृहस्थांच्या वयाकडे पाहून आवाज कमी केला. मी गप्प बसलो, चहाही गार झाला. हा लेख त्या दिवशीच्या उधारीचा आहे.